सबब पाणी निर्धोक आहे

कोसमटोला, ता. मुलचेरा
११ फेब्रुवारी २०२४

देवाजी भाऊ यांस,
स. न. वि. वि.

आपल्यात आत्याच्या मुलाला भाऊ म्हणत नाहीत, त्याची थट्टा करतात. पण माझ्या सख्ख्या भावाच्या, कोलूच्या मातीच्या दिवशी तुमच्या गळ्यात महापालिकेचं ओळखपत्र पाहिलं आणि थट्टा करायचा धीर झाला नाही. म्हणून भाऊच लिहिते.

आम्ही सुखरूप पोचलो. आईने वाटेत काही खाल्लं नाही. आष्टीला गाडी बदलताना चहा घेतला तेवढाच. इथला मोबाईलचा टॉवर अजून नुसताच उभा आहे, त्यावर कावळे बसतात. त्यामुळे पत्रच लिहावं लागेल. पोस्ट माझ्याच घरात आहे, तेव्हा माझ्या बाजूने उशीर होणार नाही.

राखपट्टी वस्तीच्या तोंडाशी लावलेला श्रद्धांजलीचा फलक पाहिला. कोलूचा फोटो कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढा. मधोमध माजी आणि भावी नगरसेवक प्रफुलभाऊ, दाराएवढे, हात जोडून. आईला वाचता येत नाही. तिने मला विचारलं की मेला तो हाच मोठा मानूस का, बिचारा किती धडधाकट दिसते. मी हो म्हणाले. वाद घालायची ती वेळ नव्हती.

कोलूच्या जागी आलेल्या नव्या फादरांनी त्याची पेटी आमच्यासोबत दिली. मिस्साच्या प्रार्थनेचा पेला त्यांनी ठेवून घेतला, तो चर्चचाच होता. पेटीत दोन पांढरे झगे, तीन शर्ट, एक टॉर्च आणि बाकी सगळे कागद. राखपट्टीतल्या लोकांच्या रेशनकार्डांचे अर्ज, जन्मदाखल्यांचे अर्ज, कचरा वेचणाऱ्या बायांच्या ओळखपत्रांचे अर्ज, नाल्याच्या पाण्याचे अर्ज. मी समजत होते की फादर लोक प्रार्थना करतात. हा सतरा वर्षं अर्जच करत होता. सकाळी देवाकडे आणि दहानंतर तुमच्या नालेपाहणी कक्षाकडे. देवाकडची पोच पेटीत सापडली नाही. तुमच्याकडच्या सगळ्या आहेत, शिक्क्यासह.

आता कामाचं. चर्चने त्याला आपल्या रीतीने पुरलं, त्याबद्दल आईची तक्रार नाही. ती म्हणते की तो त्यांच्या घरी गाणं म्हणायला गेला होता, त्यांनी मान दिला, बरं केलं. पण त्याला घरी आणायचं राहिलं आहे. आपल्या घरची रीत तुम्हाला सांगायला नको, तरी शहरात राहून विसरला असाल म्हणून लिहिते. माणूस ज्या पाण्यावर जगला आणि मेला त्या पाण्याशी जाऊन त्याचं नाव घ्यायचं. नाव घेतल्यावर जो जीव पहिला जवळ येईल, मासा म्हणा, खेकडा म्हणा, तो मटक्यात घालून घरी आणायचा आणि भिंतीपाशी बापजाद्यांच्या जागेत ठेवायचा. मग माणूस घरी आला. तोवर तो बाहेरच उभा असतो.

कोलू राखपट्टीत राहायचा. नाल्याकाठच्या बोअरिंगचं पाणी प्यायचा. तेव्हा मासा नाल्यातलाच पाहिजे. आई म्हणते की देवाजी तिथीच राह्यते, त्याले सांग.

वहिनींना जोहार. मायेत खंड पडू देऊ नये.

आपली,
रंजीता


चंद्रपूर
२६ फेब्रुवारी २०२४

चि. रंजीता हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. वाचून मन भरून आलं आणि थोडं जळालंही. पण तुझा हक्क आहे, जाळ.

मामीची तब्येत सांभाळ. इकडे कोलूसाठी मोठी शोकसभा झाली. प्रफुलभाऊ स्वतः पाऊण तास बोलले. त्यातली पहिली पाच मिनिटं कोलूवर होती. राखपट्टीच्या वळणाला फादर कोलू चौक असं नाव द्यायचं ठरत आहे. तिथे चौक नाही, एकच रस्ता येतो आणि नाल्यापाशी संपतो, पण नाव दिल्यावर पुढेमागे चौकही होईल.

तुला वाटत असेल की देवाजीला दुःख नाही. आम्ही दोघं मिशनच्या वसतिगृहात एका सतरंजीवर झोपलो आहोत. मी डाळीला कंटाळून पळून आलो, तो राहिला आणि फादर झाला, एवढाच फरक. राखपट्टीत आला तेव्हा बिशपसाहेबांनी त्याला बंगल्यातली खोली देऊ केली होती. याने कचऱ्याच्या ढिगाला लागून टिनाची खोली घेतली. सकाळी सहाला मिस्सा, सात-आठ माणसं. मग बायांसोबत बोअरिंगच्या रांगेत बकेट घेऊन उभा. मग पोरांना अंघोळी घालून शाळेत पोचवणं. दारू पिऊन पडलेल्यांना उचलणं. साडेदहाला आमच्या व्हरांड्यातल्या बाकावर हजर. थैलीत मुरमुरे असायचे. शिपायांना द्यायचा, रांगेतल्या लोकांना द्यायचा, मीटिंगला आलेल्या इंजिनियरलाही द्यायचा. मी मागच्या दाराने निघायचो हे त्याला ठाऊक होतं. एकदा मागच्या दारात मुरमुऱ्याची पुडी ठेवलेली सापडली, वर माझं नाव. आता हसू येतं.

माशाबद्दल विचार केला. जमाना बदलला आहे, रंजीता. नाला म्हणजे काही आपली नदी नाही, तिथे उतरणं प्रकृतीला बरं नाही. तू कोलूचा एक चांगला फोटो पाठव, मी मोठा करून लॅमिनेशन करून देतो. भिंतीपाशी ठेवा. मासाच पाहिजे असेल तर गावच्या नदीतला पकडा. पाणी शेवटी सगळं एकच असतं.

गावचे पुजारी झाडू गायते यांना माझा जोहार सांग. माझ्यावरची दया कमी होऊ देऊ नये.

तुझा,
देवाजी


कोसमटोला
९ मार्च २०२४

देवाजी भाऊ यांस,
स. न. वि. वि.

पत्र मिळालं. आईला वाचून दाखवलं. फोटोचं ऐकून ती म्हणाली की कागद जेवत नाई. पाणी सगळं एकच असतं हे ऐकून म्हणाली की मंग देवाजीनं इथी येऊन राहाव, तिथी काऊन राह्यते.

मोह गळायला लागला आहे. पहाटे सगळं गाव टोपल्या घेऊन जंगलात असतं. आई जात नाही. कोलू घरी आल्याशिवाय ती नव्याला हात लावणार नाही, ना मोहाला ना पुढे आंब्याला. मी आग्रह केला तर म्हणते की पोरगं दारात उभं आहे आणि मी आत बसून खाऊ का. वय बहात्तर आहे. जुन्या तांदळाची पेज घेते, ती पण अर्धी. मी यावर जास्त लिहीत नाही.

तुम्हाला आठवत असेल, आमचा बाप वारला तेव्हा कोलू फादर होऊन तीन वर्षं झाली होती. तरी झगा काढून, लुंगी नेसून तोच नदीवर गेला, बापाचं नाव घेतलं आणि मटकं डोक्यावर घेऊन घरी आला. चर्चमधून कोणी विचारलं की हे कसं. त्याने सांगितलं की देवाकडे फादर म्हणून जातो, नदीवर मुलगा म्हणून गेलो होतो. झाडू गायते अजून त्याला आमचा दुसरा पुजारी म्हणतात.

आता एक आनंदाची बातमी. पेटीतले कागद मी लावत बसले होते. पोस्टाची सवय, तारखेप्रमाणे लावते. त्यात कोलूने मागच्या जूनमध्ये केलेला अर्ज आहे, की नाल्याचं पाणी बोअरिंगमध्ये उतरतं, वस्तीत घरोघरी कावीळ आहे, पाणी तपासावं. त्याला तुमच्या कक्षाचं उत्तर टाचलेलं आहे. ते असं: प्रत्यक्ष जागेवर पाहणी केली असता नाल्यात मासे व इतर जलचर सुस्थितीत आढळून आले, सबब पाणी निर्धोक आहे, अर्ज निकाली काढण्यात येत आहे. खाली सही तुमची आहे. सुंदर सही आहे. लहानपणी तुमचं अक्षर इतकं चांगलं नव्हतं.

मासे सुस्थितीत आहेत हे वाचून आईला फार बरं वाटलं. तुम्ही स्वतः पाहिलेले आहेत, तेव्हा शोधायचाही त्रास नाही. त्यातला एक पाठवा.

कोलूचं शेवटचं कार्ड तो गेल्यावर चौथ्या दिवशी आलं होतं. मीच त्यावर शिक्का मारला आणि मलाच दिलं. मोह वेचायला येतो असं लिहिलं होतं.

घरी सर्वांना जोहार. आमची आठवण जागी असू द्यावी.

आपली,
रंजीता


चंद्रपूर
२४ मार्च २०२४

चि. रंजीता हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

काम फत्ते! मुलचेऱ्याच्या गाडीच्या कंडक्टरसोबत पांढरा कॅन पाठवत आहे. झाकणाला छिद्रं पाडली आहेत. आत मासा आहे, जिवंत, चांगला हातभर. काल स्वतः नाल्यावर गेलो, नाव घेतलं, आणि काय सांगू, सरळ माझ्याकडेच आला. माझ्या अंगावर काटा आला. मामीला सांग की कोलूने ओळख ठेवली.

त्या अहवालाचं म्हणशील तर सरकारी भाषा असते ती. आमच्याकडे एक मजकूर ठरलेला आहे, सगळ्या नाल्यांना तोच जातो. वर तारीख आणि नाल्याचं नाव बदलायचं. त्यात मनाला लावून घेण्यासारखं काही नाही. माझ्याआधीच्या साहेबांनी तो लिहिला होता, त्यांच्या वेळी मासे असतीलही.

आता मामीला मोह खाऊ घाल. नव्या फादरांना मी सहज विचारलं, की असं घरी नेलेलं चालतं का. ते म्हणाले की ईस्टरच्या या आठवड्यात आम्हीही एका मेलेल्याची वाट पाहतो आहोत, आईला माझा नमस्कार सांगा. बरा माणूस दिसतो.

आता तरी रुसवा सोडावा आणि पूर्वीसारखं प्रेम ठेवावं.

तुझा,
देवाजी


कोसमटोला
२ एप्रिल २०२४

देवाजी भाऊ यांस,
स. न. वि. वि.

कॅन मिळाला. कंडक्टर भला माणूस आहे. त्याने दर थांब्यावर पाणी बदललं, त्यामुळे मासा तुमच्यापेक्षा ताजातवाना पोचला.

सगळं गाव जमलं होतं. झाडू गायत्यांनी तांदूळ टाकले. मासा मोठ्या घमेल्यात सोडला. आई जवळ गेली आणि बराच वेळ बघत राहिली. मग तिने हात घातला, मासा उचलला, उलटासुलटा केला आणि परत सोडला. म्हणाली की हे रोहू आहे. हे तळ्यात पोसलेलं आहे, याच्या पोटाले गोटा लागला नाई, याच्या अंगाले वास नाई. हे कोनाचं तरी दुसऱ्याचं लेकरू आहे, बाई.

तरी मी आपली तुमची बाजू घेतली. म्हटलं, देवाजी भाऊंच्या नाल्याचं पाणी निर्धोक आहे, वास कसा येईल. मुलचेऱ्याच्या बाजारात मासे विकणाऱ्या बंगाली काकू त्या दिवशी मनीऑर्डर करायला आल्या होत्या. त्यांनी पाहिलं आणि सांगितलं की वर्षाचा आहे, खाद्यावर वाढलेला आहे, आणि तुम्हाला महाग लावला असेल. त्यांना काही माहीत नव्हतं. त्या हसल्या, मग कोणीच हसत नाही हे पाहून थांबल्या.

मासा खायचा नाही असं आईने सांगितलं. माणूस म्हणून आला तर पाहुणा म्हणून जाऊ दे, म्हणाली. आम्ही तो नदीत सोडला. झाडू गायत्यांनी त्यालाही दोन दाणे टाकले. परत येताना आई वाटेत बसली. उठवून आणावं लागलं.

देवाजी, आता भाऊ लिहीत नाही. थट्टाही करत नाही. तुला मासा पाठव म्हणून मी टोचत होते, ते चुकलं. मासा नसेल तर नाही म्हणून लिही. आईला नाही म्हणून सांगता येतं, खोटं सांगता येत नाही, तिला वासावरून कळतं. तुला एवढंच विचारते. नाल्यात मासे आहेत की नाहीत. कोलूने पण एवढंच विचारलं होतं.

उत्तराची वाट पाहते.

रंजीता


चंद्रपूर
१७ एप्रिल २०२४

रंजीता हिस,
वि. वि.

आशीर्वाद लिहायला हात गेला होता, पण तो आता मी कोणत्या तोंडाने देऊ. मासा बाजारातून आणला होता. काकूंचं बरोबर आहे, महाग लावला.

रविवारी सुट्टी होती. मटकं घेतलं, आपलं मातीचं, आणि राखपट्टीत गेलो. सतरा वर्षांत मी नाल्यापर्यंत पहिल्यांदा गेलो, रंजीता. आमच्या कक्षाचं नाव नालेपाहणी आहे. आम्ही नाला नकाशावर पाहतो.

त्या दिवशी भीमजयंती. वस्तीत निळे झेंडे, लाऊडस्पीकर, सगळ्या बाया पांढऱ्या साड्या नेसून मिरवणुकीच्या तयारीत. मी सगळ्यांची नजर चुकवून मागच्या बाजूने उतरलो, सवयीप्रमाणे. पाणी काळं आहे असं मी लिहू शकत नाही, कारण ते पाणीच आहे असं मला खात्रीने सांगता येत नाही. वर तेलासारखा थर, त्यात थर्माकोल, चपला, आणि प्रफुलभाऊंचा फलक. वाऱ्याने पडला असेल. हात जोडलेले तसेच होते.

दोन तास शोधलं. काठीने ढवळलं, चाळणी फिरवली. मासा नाही, खेकडा नाही, बेडूक नाही. डासांच्या अळ्या होत्या. त्या मटक्यात घेतल्या, आणि मग मामीचा चेहरा आठवला आणि ओतून दिल्या. मामीला कोलू म्हणून डास कसा पाठवणार?

मग आधी हळू नाव घेतलं. लाज वाटत होती. मग जरा मोठ्याने. मग काय झालं माहीत नाही, मी ओरडायलाच लागलो. कोलू, कोलू, असं. वसतिगृहात तो आंब्याच्या झाडावर लपून बसायचा तेव्हा ओरडायचो तसं. पाय सरकला आणि कमरेपर्यंत गाळात गेलो. वर येता येईना.

तेव्हा बायनाबाई आल्या. साठीच्या आहेत, कचरा वेचतात. कोलूने ज्यांना ओळखपत्र मिळवून दिलं त्यातल्या पहिल्या. माझ्या केबिनमध्ये त्या चार वेळा त्याच्यासोबत आल्या होत्या, मी त्यांना बसा म्हटलं नव्हतं. नाव ऐकून धावत आल्या होत्या. मला पाहून म्हणाल्या की काऊन बोंबलून राह्यला रे, कोलू फादर मेला ना तुह्या ऑफिसच्या पान्यानं, आता कोनाले हाका मारतं? असं म्हणत होत्या आणि पाण्यात उतरत होत्या. जयंतीची नवी पांढरी साडी. मांडीपर्यंत आत आल्या, माझ्या दंडाला धरलं आणि ओढून काढलं.

काठावर बसून मी सगळं सांगितलं, माशाचं, मामीचं, मोहाचं. अहवालाचं पण सांगितलं. त्यांनी साडीचा काठ पिळून काढला. मग सांगितलं की तेरा वर्षं इथे राहते, मासा पाहिला नाही. शेवटी कोलू पिवळा झाला तेव्हा त्या त्याला म्हणाल्या होत्या की बाटलीतलं पाणी पी. त्याने सांगितलं की तुम्ही ज्या दिवशी प्याल त्या दिवशी पिईन. असा मूर्ख होता.

सोमवारी फाईल काढली आणि नवा अहवाल जोडला. दिनांक १४ एप्रिल रोजी समक्ष पाहणी केली असता नाल्यात एकही मासा आढळला नाही, पूर्वीचा अहवाल मी जागेवर न जाता दिला होता, सबब पाणी निर्धोक नाही. सही केली, शिक्का मारला. नक्कल सोबत आहे. साहेबांनी विचारलं की देवाजी, तुम्हाला ताप आहे का. ताप होताच, गाळामुळे.

तर उत्तर हे आहे. मासे नाहीत. मामीला नाही म्हणून सांग. मटकं रिकामं माझ्याकडे आहे.

देवाजी


कोसमटोला
२५ एप्रिल २०२४

देवाजी यांस,
स. न. वि. वि.

तुझं पत्र मी आईला दोनदा वाचून दाखवलं. पहिल्यांदा ती ऐकत होती. दुसऱ्यांदा तिने मध्येच थांबवलं आणि तीन गोष्टी विचारल्या. नाव कोणत्या पाण्यापाशी घेतलं? त्या पाण्यातून पहिलं कोण जवळ आलं? ते जिवंत होतं का? मी तिन्हींची उत्तरं पत्रातूनच दिली.

मग ती म्हणाली की मंग तुमी दोघं रडून काऊन राह्यले, आला ना.

मला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा मी म्हणाले की आई, ती बाई आहे, मासा नाही, मटक्यात मावणार नाही. आई म्हणाली की मटकं लहान आहे हा तिचा दोष नाई.

झाडू गायत्यांना विचारलं. त्यांनी दोन दिवस विचार केला, दोन दिवस मोहाची घेतली, आणि सांगितलं की पहिला जीव आणायचा एवढीच रीत आहे, त्याला खवले पाहिजेत असं कोणी बापजाद्याने सांगितलेलं नाही. फक्त त्या बाई यायला राजी पाहिजेत. मासा राजी आहे का असं आपण आजवर विचारलं नव्हतं, पण माणसाला विचारावं लागेल.

तेव्हा बायनाबाईंना विचार. नीट विचार, बसा म्हणून. मोह संपला, आता आंबा आहे. आमच्याकडे आंबा खायचा दिवस बारा मे ठरला आहे. त्याच्याआधी आणता आलं तर आण.

नक्कल मिळाली. कोलूच्या अर्जाला टाचून ठेवली, तारखेप्रमाणे. आता त्याची फाईल पूर्ण झाली.

ताप उतरला का ते कळव. काळजी वाटते, हे थट्टेत लिहीत नाही.

तुझी,
रंजीता


चंद्रपूर
६ मे २०२४

रंजीता हिस,
पुन्हा एकदा आशीर्वाद. वि. वि.

ताप उतरला. कक्षातूनही मी उतरलो. मला जुन्या फायलींच्या गोदामात पाठवलं आहे. पंखा नाही, खिडकी आहे, आणि ती नाल्याकडे उघडते. साहेब म्हणाले की तुम्हाला पाहणीची आवड लागली आहे ना. चौकाचं प्रफुलभाऊंनी रद्द केलं, आता त्या जागी त्यांच्या वडिलांचं नाव येणार आहे. रस्ता मात्र अजून एकच आहे.

बायनाबाईंकडे जाऊन विचारलं. त्यांनी मला बसा म्हटलं. ऐकून आधी खूप हसल्या. मग म्हणाल्या की मी आत्मा-फात्मा काई मानत नाई, आमच्या धम्मात ते नाई, मी बुद्ध मानतो आन मानूस मानतो. मी उठायला लागलो. तर म्हणाल्या की थांब ना बे, येत नाई असं कुठी म्हनलं. फादर दर ख्रिसमसले केक घेऊन यायचा आन मी काई त्याचा येशू मानून खात होतो का? माय बोलवते त जावं लागते.

शनिवारच्या सकाळच्या गाडीने त्यांना बसवून देतो. त्याच कंडक्टरला सांगितलं आहे. या वेळी पाणी बदलायची गरज नाही असं म्हटलं तर तो काही समजला नाही. मटकं त्यांच्या मांडीवर देतो, रीत म्हणून. मला रजा नाही. रजा असती तरी मामीपुढे कसा उभा राहू, ते ठरलं नाही.

माझ्यासाठी दार उघडं राहील एवढं पाहावं.

तुझा,
देवाजी


कोसमटोला
२० मे २०२४

देवाजी यांस,
स. न. वि. वि.

बायनाबाई काल परत निघाल्या. आठ दिवस राहिल्या. सगळं सांगते, थोडक्यात सांगता येत नाही.

गाडीतून उतरल्या त्या तुझ्या नाल्याच्या गाळाने डागलेली पांढरी साडी नेसून. मी विचारलं तर म्हणाल्या की धुतली चार वेळा, जात नाई, आन तशीच यावं असं वाटलं. आई दारात उभी होती. तिने त्यांच्या पायावर पाणी घातलं. मग जवळ जाऊन साडीच्या काठाचा वास घेतला. सगळ्या गावासमोर. आणि म्हणाली की हो, हाच आहे.

झाडू गायत्यांनी तांदूळ टाकले. बायनाबाईंना भिंतीपाशी, बापाच्या मटक्याशेजारी बसवलं. तिथे दोन तास बसवायची रीत आहे. मासा गप्प बसतो. बायनाबाई बसल्या नाहीत गप्प. पंखा नाही का विचारलं, चुलीचा धूर काऊन एवढा विचारलं, गायत्यांना दारू कमी करा म्हणून सांगितलं, आणि मग कोलूचं सांगायला लागल्या. तो शाळेत न जाणाऱ्या पोरांच्या मागे झगा वर धरून कसा पळायचा. दर शुक्रवारी उपास आहे म्हणून आपलं ताट कोणाला देऊन यायचा आणि मग तुझ्या ऑफिसच्या बाकावर मुरमुरे खायचा. एका बाईच्या नवऱ्याने त्याच्या थोबाडीत मारली तेव्हा याने दुसरा गाल दिला नाही, त्याची कॉलर धरून घरी नेऊन आंघोळ घातली. गावाला हे काही माहीत नव्हतं. मला पण नव्हतं. मला तो कार्डावर फक्त बरा आहे असं लिहायचा. आई हसत होती. मी तिला जानेवारीपासून हसताना पाहिलं नव्हतं. मी उठून पोस्टाच्या खोलीत जाऊन बसले थोडा वेळ.

आईने पहिला आंबा बायनाबाईंना दिला. मग स्वतः खाल्ला. दोन खाल्ले.

एक ताट तुझ्यासाठी वाढलं होतं. ते तसंच राहिलं. शेवटी आई म्हणाली की त्याले लिही, ये म्हना. ओळखपत्र काढून ये म्हना.

आता नीट वाच. बायनाबाई निघताना आई त्यांना घेऊन नदीवर गेली आणि तुझं मटकं भरून आणलं. त्यात तीन मासे आहेत, बोटाएवढे, गोट्याखालचे. कंडक्टरने पुन्हा दर थांब्यावर पाणी बदललं असेल. ते कोलूच्या टिनाच्या खोलीत ठेवायचे आहेत, नव्या फादरांना आईचा नमस्कार सांगून. ती खोली वस्तीनेच ठेवून घेतली आहे असं बायनाबाई म्हणाल्या. आई म्हणते की कोलू अर्धाच आला आहे. तो कधी पूर्ण येत नसे, सणालाही दोन दिवस येऊन अर्ज राहिलेत म्हणून पळायचा. तेव्हा अर्धा इथे जेवेल आणि अर्धा तिथे कामावर राहील. ज्या दिवशी हे तीन मासे नाल्यात सोडले तरी जगतील, त्या दिवशी त्याला सुट्टी.

ते जगतील की नाही हे सांगणारं माणूस तिथे एकच आहे, आणि त्याची खिडकी नाल्याकडे उघडते. नाल्याचं पाणी तपासावं असा नवा अर्ज मी लिहिला आहे. अर्जदार बुधरी, मुलगा कोलू मयत. खाली आईचा अंगठा आहे. या पत्रासोबत रजिस्टरने पाठवते. पोच शिक्क्यासह पाठव, फाईलला लावायची आहे.

उत्तर जागेवर जाऊन लिही. घाई नाही. आई म्हणते की ती थांबेल.

जेवायला ये.

तुझी,
रंजीता